विवाहाची वैधता, वास्तव्याचा दर्जा आणि हद्दपारी : एक विधिविषयक विवेचन

प्रस्तावना

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे एक विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसर येथे उतरले. बेकायदा प्रवेश वा वास्तव्याच्या कारणावरून परत पाठविण्यात आलेल्या या लोकांत महाराष्ट्रातील तिघांचा समावेश होता. अशा घटनांची चर्चा होऊ लागली की तिच्यासोबत विवाहासंबंधीचे दोन समजही डोके वर काढतात. एक असा की, परदेशाच्या नागरिकाशी विवाह झाला म्हणजे हद्दपारीचे भय उरत नाही. दुसरा त्याच्या उलट असून तो अधिक घातक आहे. वास्तव्यच बेकायदा असेल तर त्या काळात झालेला विवाहही बेकायदा ठरतो आणि पतीला वा पत्नीला देशाबाहेर काढले की विवाह आपोआप संपतो, असा हा समज आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. विवाह वैध आहे की नाही हा एक प्रश्न आहे, आणि त्या विवाहाच्या आधारे एखाद्या देशात राहता येईल की नाही हा सर्वस्वी वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची उत्तरे बहुधा भिन्न अधिकारी, भिन्न कायद्यांखाली आणि भिन्न कसोट्या लावून देतात. या भेदाचे विवेचन प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिका, ब्रिटन व भारत यांच्या कायद्यांच्या आधारे केले आहे.

महाराष्ट्रात 'तडीपारी' ही संज्ञा परिचित आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये एखाद्या इसमास जिल्ह्याच्या हद्दीबाहेर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी काढता येते. तडीपार झालेल्या इसमाचा संसार विस्कळीत होतो, परंतु त्याचा विवाह तुटला असे गावात कोणी म्हणत नाही. हद्द जिल्ह्याची नसून देशाची असली म्हणून या तत्त्वात फरक पडत नाही.

विवाहाची वैधता कोठे ठरते ?

विवाहाचे बाह्य स्वरूप, म्हणजे विधी, परवाना, साक्षीदार व नोंदणी यांबाबतची वैधता सामान्यतः ज्या ठिकाणी विवाह झाला तेथील कायद्यानुसार पाहिली जाते. अमेरिकेत विवाह हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे, तर परकीयांचा प्रवेश व हद्दपारी हे विषय संघराज्याच्या अखत्यारीत येतात. विवाहाचा परवाना परगण्याच्या कचेरीतून मिळतो, आणि वधूवरांचा व्हिसा कोणता हे तपासण्याचे काम त्या कचेरीचे नाही. तरीही काही ठिकाणी तसे प्रयत्न झाले. पेनसिल्व्हानिया राज्यातील लुझर्न परगण्यात एका अमेरिकी नागरिक स्त्रीस विवाहाचा परवाना देण्यास नकार देण्यात आला, कारण तिच्या नियोजित वराकडे कायदेशीर वास्तव्याचा पुरावा नव्हता. २००७ मध्ये संघीय न्यायालयाने या अटीविरुद्ध मनाई हुकूम दिला. विवाह करण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकार असून तो वास्तव्याच्या कागदपत्रांवर अवलंबून ठेवता येत नाही, ही त्यामागील भूमिका होती. नकार वराच्या दर्जावरून दिला गेला असला तरी अधिकार नागरिक वधूचाही हिरावला जात होता, ही बाब या निर्णयात महत्त्वाची ठरली.

ब्रिटनने हाच प्रयोग देशव्यापी प्रमाणावर केला. फेब्रुवारी २००५ पासून, स्थायी वास्तव्याचा अधिकार नसलेल्या युरोपबाह्य व्यक्तीस विवाहापूर्वी गृहखात्याचे संमतीपत्र घेणे बंधनकारक झाले. अल्प मुदतीचे वास्तव्य असलेल्यांना वा बेकायदा राहणाऱ्यांना ते प्रायः मिळत नसे, मग त्यांचे परस्परांवरील प्रेम कितीही खरे असो. चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणारे विवाह तेवढे या अटीतून मुक्त होते. हिंदू, मुस्लिम, इतकेच नव्हे तर कॅथलिक वधूवरांनाही गृहखात्याचे दार ठोठवावे लागे. बनावट विवाह रोखण्यासाठी आखलेल्या योजनेत एका विशिष्ट चर्चमधील विवाह मात्र बनावट असूच शकत नाहीत, असे गृहीत धरले गेले होते! २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने 'बाइआइ' खटल्यात या योजनेवर कठोर टीका केली. विवाह खरा की खोटा याची चौकशीच न करता केवळ दर्जावरून विवाह अडविणे हे मानवी हक्कांशी विसंगत आहे, असा या निर्णयाचा गाभा होता. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निर्णयही ब्रिटनच्या विरोधात गेला आणि २०११ मध्ये ही योजना रद्द झाली. पुढे २०१४ च्या कायद्याने निराळा मार्ग स्वीकारला. विवाहाच्या नोटिशीची मुदत २८ दिवसांची करण्यात आली व संशयित प्रकरणांत ती ७० दिवसांपर्यंत वाढविण्याची तरतूद झाली. म्हणजे विवाहास बंदी नाही, परंतु चौकशीस अवधी आहे.

वैध परंतु निरुपयोगी

विवाह वैध असूनही त्याचा स्थलांतरासाठी उपयोग होत नाही, हे सामान्य वाचकास विसंगत वाटण्याची शक्यता आहे. या विसंगतीचे मूळ पाहण्यासाठी १९५३ मधील 'लुटवाक' खटला आजही सर्वाधिक उपयुक्त ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, अमेरिकी सैनिकांच्या परदेशी पत्नींना व पतींना सुलभतेने प्रवेश देणारा कायदा संमत झाला. त्याचा लाभ घेऊन पॅरिसमध्ये काही माजी सैनिकांचे पोलंडमधील निर्वासितांशी विवाह लावण्यात आले. एकत्र नांदण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. अमेरिकेत पोहोचल्यावर ही जोडपी विभक्त झाली आणि पुढे घटस्फोट घेण्याचे आधीच ठरलेले होते. आरोपींचा बचाव असा होता की, फ्रान्सच्या कायद्यानुसार हे विवाह वैध होते, मग फसवणूक कोठे झाली ? सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की, फ्रेंच कायद्यानुसार हे विवाह वैध होते की नाही हा प्रश्न येथे गौणच आहे. ज्या कायद्याखाली प्रवेश मिळविला त्या कायद्यास 'पती' व 'पत्नी' या शब्दांतून अभिप्रेत असलेले नाते निर्माण करण्याचा हेतूच नव्हता, आणि सरकारपासून ते दडविले गेले, एवढे कटाच्या आरोपास पुरेसे आहे. पतिपत्नींना परस्परांविरुद्ध साक्ष देण्यापासून मिळणारे संरक्षणही या प्रकरणात नाकारण्यात आले. तीन न्यायमूर्तींनी मात्र विरोधी मत नोंदविले. हे विवाह वैध की अवैध हे आधी ठरविल्याशिवाय त्यांना खोटे म्हणता येईल काय, ही त्यांची शंका होती. ही शंका अजूनही पूर्णपणे शमलेली नाही. कायद्याने विवाहित असलेल्या दोन व्यक्तींना एका कचेरीने दंपती म्हणावे आणि दुसरीने गुन्हेगार म्हणावे, ही स्थिती तर्काला खटकणारीच आहे.

तथापि या निर्णयाने एक कसोटी रूढ केली. विवाहाच्या वेळी दोघांचा एकत्र जीवन जगण्याचा हेतू होता काय, हा प्रश्न यापुढे निर्णायक ठरला. १९७५ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने तिला आवश्यक ती मर्यादाही घातली. दंपती पुढे विभक्त झाले एवढ्यावरून विवाह मुळातच खोटा होता असे ठरत नाही, आणि नागरिकांच्या विवाहांपेक्षा अधिक यशस्वी विवाहाची अपेक्षा परकीयांकडून करता येत नाही, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले.

१९८६ च्या कायद्याने या कसोटीस कठोर यंत्रणेची जोड दिली. कायम वास्तव्याचा दर्जा मिळताना विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर दोन वर्षांसाठी केवळ सशर्त दर्जा मिळतो, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावा लागतो. मारहाण वा घटस्फोट अशा प्रसंगी एकट्याने अर्ज करण्याची मुभा आहे. स्थलांतर कायदा चुकविण्यासाठी विवाह करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याचा एक विवाह असा बनावट ठरला, त्याच्यासाठी पुढे दुसऱ्या, अगदी खऱ्या विवाहाच्या आधारेही अर्ज मंजूर होत नाही. हा कायदा होण्यापूर्वी अशा विवाहांपैकी सुमारे ३० टक्के विवाह बनावट असल्याचे संसदीय समितीपुढे सांगण्यात आले होते. ज्या सर्वेक्षणावर हा आकडा आधारलेला होता ते सदोष होते, हे पुढे न्यायालयीन कामकाजात उघड झाले. आकडा टिकला नाही, परंतु त्यावर उभी राहिलेली यंत्रणा टिकली.

हद्दपारीची कार्यवाही सुरू झाल्यानंतर केलेल्या विवाहाबाबत १९८६ च्या कायद्याची भूमिका आणखी कडक होती. अशा व्यक्तीस आधी दोन वर्षे देशाबाहेर राहावे लागे. १९९० मध्ये ही अट शिथिल झाली. विवाह सद्भावनेने केल्याचे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध केल्यास अर्जाचा विचार होऊ लागला. सारांश, कार्यवाही चालू असताना विवाह करता येतो, तो वैधही असतो, परंतु त्याच्याकडे संशयाने पाहण्याचा अधिकार कायदा राखून ठेवतो.

हा संशय भारतीय विवाहांच्या वाट्यास अधिक येतो, आणि त्याचे कारण सांस्कृतिक आहे. अधिकारी मागतात ते पुरावे म्हणजे संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विवाहपूर्व सहवासाची छायाचित्रे. ठरवून झालेल्या विवाहात दोन बैठकींत स्थळ पसंत होते, खर्च वडील करतात, घर सासऱ्यांच्या नावावर असते. असा विवाह खरा असूनही कागदावर क्षीण दिसतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात तर अर्जदारानेच सिद्ध करावे लागे की, ब्रिटनमध्ये प्रवेश हा विवाहाचा प्रमुख हेतू नव्हता. या नियमाचा फटका भारतीय उपखंडातील वरांना विशेषत्वाने बसला. जो वर वधूच्या घरी राहावयास जाणार, त्याच्या समाजात ती रीत नसल्यामुळे त्याचा हेतू संशयास्पद, असा युक्तिवाद केला जाई. १९९७ मध्ये हा नियम रद्द झाला.

हद्दपारीनंतरचा विवाह

अमेरिकी नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीसही देशाबाहेर काढता येते. रीतसर तपासणी होऊन प्रवेश केलेली व्यक्ती मुदत संपल्यानंतर राहिली असली, तरी नागरिकाची पती वा पत्नी म्हणून तिला बहुधा तेथेच राहून दर्जा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. सीमा चोरून ओलांडलेल्यास ही सवलत सामान्यतः नाही. त्याने व्हिसासाठी मायदेशी जावे तर १९९६ च्या कायद्याचा अडसर उभा राहतो. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून स्वतःहून देश सोडल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा त्याहून अधिक वास्तव्यानंतर देश सोडल्यास दहा वर्षे पुनःप्रवेश बंद होतो. हद्दपारीच्या आदेशाने येणारी बंदी याहून वेगळी असते. नागरिक पतीस वा पत्नीस आत्यंतिक हालअपेष्टा सोसाव्या लागतील असे दाखविल्यास १९९६ च्या या बंदीतून सूट मिळू शकते, परंतु निव्वळ ताटातूट ही हालअपेष्टा मानली जात नाही.

या प्रश्नाची घटनात्मक बाजू जून २०२४ मध्ये 'मुनोज' खटल्यात स्पष्ट झाली. कॅलिफोर्नियातील एका नागरिक स्त्रीने २०१० मध्ये एल साल्वादोरच्या नागरिकाशी विवाह केला. व्हिसासाठी तो मायदेशी गेला आणि तेथेच त्याला व्हिसा नाकारण्यात आला. विवाहाच्या खरेपणाविषयी शंका घेण्यात आलेली नव्हती. तरीही परकीय पतीस देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत अधिकार नागरिक पत्नीस नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले. विवाहाचा अधिकार आहे, मात्र आपल्याच देशात जोडीदारासह राहण्याची हमी त्यात नाही.

येथे विवाहाच्या अस्तित्वास धक्का लागत नाही. वारसा, मुलांचे औरसत्व, पोटगी व एकपत्नीत्वाचे बंधन हे सर्व पूर्ववत राहते. विवाहाची मान्यता ही प्रयोजनानुसार वेगळी असू शकते, याचे एक लक्षणीय उदाहरण कॅलिफोर्नियातीलच आहे. १९४८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने मृत पंजाबी स्थलांतरिताच्या भारतातील दोन्ही पत्नींना त्याच्या मालमत्तेत वाटा घेऊ दिला. द्विभार्या विवाह तेथे करता येत नव्हता, परंतु वारशापुरता तो मानण्यास त्या न्यायालयास अडचण वाटली नाही.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने

परदेशातून परत पाठविलेली व्यक्ती भारतात उतरते तेव्हा तिचा विवाह तिच्यासोबत येतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मधील घटस्फोटाच्या कारणांत हद्दपारी नाही. म्हणून तिकडचा संसार संपला असे गृहीत धरून इकडे दुसरा विवाह लावणे हा शुद्ध आत्मघात होय. कलम ५ व ११ अन्वये तो विवाह शून्य ठरतो. शिवाय जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ अन्वये तो गुन्हाही आहे. या व्यवहारात सर्वाधिक हानी दुसऱ्या वधूची होते, कारण पहिल्या विवाहाची माहिती नसतानाही तिच्या पदरी कायदेशीर पत्नीचा दर्जा पडत नाही.

हद्दपार जोडीदाराने आपला त्याग केला, असे म्हणून घटस्फोट मागता येईल काय ? त्यागास दोन वर्षांचा कालावधी लागतो, परंतु केवळ दूर राहणे म्हणजे त्याग नव्हे. मुंबई व जळगाव येथील दोन घरांमधील तंट्यातून उद्भवलेल्या 'बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच स्पष्ट केले की, सहवास कायमचा संपविण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. राज्यसत्तेने सक्तीने दूर केलेल्या व्यक्तीस असा हेतू चिकटविता येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने जिला प्रोषितभर्तृका म्हटले तिच्या विरहाचे मूळ पतीच्या प्रवासात होते. आजच्या प्रोषितभर्तृकेच्या विरहाचे मूळ एका शिक्क्यात असते. मात्र परतल्यावर पतीने पत्रव्यवहार, पैसा व संपर्क हेतुपुरस्सर तोडला, तर त्या क्षणापासून त्यागाचा विचार होऊ शकेल.

विवाहापूर्वी वराने आपला दर्जा लपविला असेल तर काय, हा प्रश्न मध्यस्थांमार्फत ठरणाऱ्या परदेशस्थ स्थळांबाबत वारंवार उद्भवतो. ग्रीन कार्ड आहे असे सांगितले आणि प्रत्यक्षात हद्दपारीचा खटला चालू होता, तर कलम १२ अन्वये महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक झाल्याचा युक्तिवाद करता येतो. तो मान्य होणे न होणे पुराव्यावर अवलंबून राहील. परंतु फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ती कळल्यानंतर स्वेच्छेने सहवास चालू ठेवल्यास हा मार्ग बंद होतो. 'बघू, काही वर्षांत सुटेल' असे म्हणत थांबणाऱ्या कुटुंबांची मुदत अनेकदा याच वाट पाहण्यात निघून जाते. शिवाय असा विवाह न्यायालयाने रद्द करेपर्यंत वैधच असतो.

व्हिसाच्या घाईने महाराष्ट्रातील मध्यमवर्गात आणखी एक प्रथा रूढ झाली आहे. साखरपुड्यानंतर लगेच विवाहाची नोंदणी करून घ्यावयाची, त्या प्रमाणपत्रावर वधूच्या व्हिसाची तजवीज करावयाची आणि लग्न मात्र वर सुटीवर आला की मुहूर्तावर करावयाचे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात अशा प्रथेची स्पष्ट दखल घेतली. व्हिसासारख्या व्यावहारिक कारणांसाठी विधी न करताच नोंदणी केली जाते, याकडे लक्ष वेधून न्यायालयाने सांगितले की, हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ७ नुसार विधी झाल्याशिवाय विवाह अस्तित्वात येत नाही. कलम ८ खालील नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, ती विवाह निर्माण करीत नाही. अशा कोऱ्या प्रमाणपत्रावर व्हिसा मिळवून परदेशी गेलेल्या वधूची स्थिती किती नाजूक ठरते, हे सांगावयास नको. तिचा विवाहच झालेला नाही असे उद्या कोणी म्हणाले, तर तिच्या तेथील वास्तव्याचा पायाच निखळतो. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाहाची गोष्ट निराळी आहे. तेथे विवाह अधिकाऱ्यासमोरील कृतीनेच विवाह संपन्न होतो, परंतु नोटिशीचा ३० दिवसांचा अवधी घाईत असलेल्यांना नकोसा वाटतो. वधूवर समोरासमोर नसताना दूरदृश्य माध्यमातून केलेल्या विवाहास अमेरिकी कायदा प्रत्यक्ष सहवास होईपर्यंत वैवाहिक नाते मानीत नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट दिशेचा प्रश्न परदेशी न्यायालयांच्या घटस्फोटांचा आहे. पतीच्या नोकरीच्या व्हिसावर आश्रित म्हणून राहणाऱ्या पत्नीचा दर्जा घटस्फोट होताच संपतो व तिला परतावे लागते. तेथे ती घटस्फोटित असते. येथे मात्र, 'वाय. नरसिंह राव' खटल्यातील १९९१ च्या निर्णयानुसार, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून वा अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयाने तिच्या संमतीविना दिलेला हुकूम मान्य होत नाही. एका देशात तुटलेला व दुसऱ्या देशात टिकलेला असा हा पंगू विवाह होय. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीस ती राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो, ही तिच्या दृष्टीने मोठी सोय झाली आहे.

भारतातील परकीय जोडीदार

भारत स्वतः हद्दपार करणारे राज्य असतो तेव्हा हाच भेद इकडेही दिसतो. विशेष विवाह अधिनियमाखाली दोघांनीही भारतीय नागरिक असण्याची अट नाही. तथापि परकीयास भारतात स्थायिक होण्याचा मूलभूत अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ अन्वये भारतीयाशी विवाहित व्यक्तीस सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, परंतु बेकायदा स्थलांतरितास ही वाट बंद आहे. ओसीआय कार्डासाठी विवाह नोंदणीकृत असून सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो, आणि घटस्फोट झाल्यास ते कार्ड रद्द होऊ शकते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे पोलीस तपासणीच्या वेळी मुंबईच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांना प्रथमच कळते.

याचा सर्वांत दूरगामी परिणाम पुढच्या पिढीवर होतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी आईवडील दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. विवाह संपूर्ण वैध आहे, पिता जन्माने भारतीय आहे, मूल मुंबईतील रुग्णालयात जन्मले आहे आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावर दोघांचीही नावे आहेत. तरीही आई बेकायदा स्थलांतरित ठरली, तर ते मूल जन्माने भारताचे नागरिक नसते.